शाकाहारी घर आणि बी-१२ : डॉक्टरांना विचारावयाचे काही प्रश्न



आरोग्यविषयक व्याख्यान कोठेही असो, त्याचा खरा प्रारंभ व्याख्यान संपल्यानंतर होतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांवर तासभर बोलून डॉक्टर खुर्चीवर बसतात, आयोजक आभारप्रदर्शनासाठी उठू लागतात आणि तेवढ्यात मागील रांगेतून एखादे ज्येष्ठ गृहस्थ उभे राहतात. ‘‘डॉक्टरसाहेब, रिपोर्टमध्ये बी-१२ कमी आले आहे. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. आता अंडी-मटण खायला सांगणार काय?’’ सभागृहात हशा पिकतो. प्रश्न मात्र विनोदाचा नसतो. डॉक्टर आरोग्याच्या निमित्ताने आपल्या आचारावर बोट ठेवीत आहेत, अशी एक शंका त्यामागे दडलेली असते. ही शंका मनात ठेवून घरी गेलेला मनुष्य औषधाची चिठ्ठी खिशातच ठेवतो, असा अनेक डॉक्टरांचा अनुभव आहे. म्हणून या प्रश्नाचे उत्तर प्रथमच द्यावयास हवे. ते एका शब्दाचे आहे : नाही. बी-१२ ची उणीव भरून काढण्यासाठी शाकाहार सोडण्याची काहीही आवश्यकता नाही. मात्र उणीव आहे, ती खरी आहे आणि दुर्लक्ष केल्यास तिची किंमत मोठी आहे, हे उत्तराचे दुसरे अर्धे अंग होय. पहिले अंग ऐकून दुसरे विसरणे, ही शाकाहारी घरांतील नेहमीची चूक. आणि दुसरे सांगून पहिले सांगण्यास विसरणे, ही अनेक डॉक्टरांची.

हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती निर्माण करीत नाही, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. कोणताही प्राणीदेखील ते निर्माण करीत नाही, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. बी-१२ निर्माण करण्याची क्षमता निसर्गाने केवळ सूक्ष्म जीवाणूंना दिली आहे. गाय-म्हशीच्या पोटातील जीवाणू चाऱ्यातून आलेल्या कोबाल्ट या धातूच्या साह्याने ते तयार करतात आणि तेथून ते दुधात उतरते. मनुष्याच्या मोठ्या आतड्यातील जीवाणूही ते तयार करतात, परंतु त्याचे शोषण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होते. म्हणजे माल तयार होतो तो गाडी स्थानकावरून सुटल्यानंतर. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी १९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात असे दाखवून दिले, की दक्षिण भारतातील काही निरोगी व्यक्तींच्या लहान आतड्यातही बी-१२ निर्माण करणारे जीवाणू असतात. शाकाहारी माणसे अल्प आहारावरही कशी तग धरतात, याचे अंशतः स्पष्टीकरण त्यातून मिळते. परंतु या आशेवर कोणी निर्धास्त राहावे, इतका तो पुरावा भक्कम नाही.

प्रौढ व्यक्तीची दैनंदिन गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅम इतकीच असते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. आयुष्यभराचे बी-१२ चिमूटभर मिठाहूनही कमी भरेल. एक पेलाभर दुधातून सुमारे पाऊण मायक्रोग्रॅम मिळते आणि दूध उकळताना त्यातील काही अंश नष्ट होतो. दही व पनीर यांतून थोडेफार मिळते. तुपातून काहीच मिळत नाही, कारण हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे आहे. ‘‘आमच्या घरी दूधदुभते भरपूर’’ असे सांगणाऱ्या घरी प्रत्यक्षात दूध किती पोटात जाते, हे डॉक्टरांनी खोदून विचारले, की बहुधा चहातील दूध आणि पोळीवरचे तूप एवढाच हिशेब निघतो. मुलांना पेला, वडीलधाऱ्यांना अर्धा पेला आणि घरातील सुनेला चहापुरते, ही वाटणीही अनेक घरांत असते. तपासणीत सर्वांत कमी आकडा कोणाचा येईल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

‘‘आमच्या आजी-पणजींनी कधी गोळ्या घेतल्या नाहीत, त्यांना काय झाले?’’ हा दुसरा हमखास प्रश्न. त्यातील आजीविषयीचा आदर योग्य आहे. परंतु वैद्यकाच्या दृष्टीने प्रामाणिक उत्तर असे, की त्यांना काय झाले हे कोणी मोजलेच नाही. बी-१२ शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात यश आले ते १९४८ साली. त्याची रचना ब्रिटिश शास्त्रज्ञ डोरोथी हॉजकिन यांनी १९५६ पर्यंत उलगडली आणि १९६४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वी ‘म्हातारपणी पायांची आग होते’, ‘तोल जातो’, ‘हल्ली विसरतात’, ‘बाळंतपणात रक्त आटले’ अशा शब्दांत ज्यांची नोंद झाली, त्यांपैकी कितीजणांना या जीवनसत्त्वाचा अभाव होता, हे आज कोणीही सांगू शकणार नाही.

या विषयाचा इतिहास मुंबईशीही जोडलेला आहे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. १९२८ साली डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज महिला डॉक्टर गर्भवती स्त्रियांमधील तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी मुंबईस आल्या. परळच्या हाफकिन संस्थेशी त्यांचे काम निगडित होते. गिरण्यांत काम करणाऱ्या व पडद्यात राहणाऱ्या गरीब स्त्रियांचे रक्त त्यांनी तपासले, त्या काय खातात याची चौकशी केली. त्या काळी या प्रकारच्या रक्तक्षयावर प्राण्यांच्या यकृताचा अर्क हा एकच उपाय ज्ञात होता. विल्स यांना असे आढळले, की ‘मार्माइट’ नावाच्या स्वस्त यीस्टच्या अर्कानेही या स्त्रिया बऱ्या होतात. १९३१ साली त्यांनी हा निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. त्या अर्कातील अज्ञात द्रव्यास ‘विल्स घटक’ म्हटले जाऊ लागले आणि पुढे तेच फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखले गेले. आज प्रत्येक गर्भवतीला जी फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मिळते, तिच्या मुळाशी मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांनी दिलेले रक्ताचे थेंब आहेत. त्या स्त्रियांची नावे कोणत्याही ग्रंथात सापडत नाहीत.

ही कथा सांगण्याचे कारण केवळ अभिमान नव्हे. फॉलिक अ‍ॅसिडचा अभाव आणि बी-१२ चा अभाव यांत रक्ताचे चित्र अगदी सारखे दिसते. दोहोंत रक्तपेशी आकाराने मोठ्या व संख्येने कमी होतात. त्यामुळे बी-१२ कमी असलेल्या व्यक्तीने केवळ फॉलिक अ‍ॅसिड घेतले, तर रक्त सुधारते, चेहऱ्यावर लाली येते, घरचे समाधान पावतात; परंतु मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. बी-१२ च्या अभावाचे खरे भय तेथे आहे. तळपायांना मुंग्या येणे, बधिरपणा, अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना तोल जाणे, जीभ लाल व गुळगुळीत होणे, चिडचिड, विस्मरण ही लक्षणे हळूहळू येतात आणि ‘वय झाले’ या दोन शब्दांत त्यांची वासलात लागते. लवकर उपचार झाले तर बहुतेक लक्षणे मागे हटतात. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला दीर्घकाळ इजा झाल्यावर मात्र सर्व हानी भरून येतेच असे नाही. याचा अर्थ फॉलिक अ‍ॅसिड वाईट, असा कोणी काढू नये. गर्भातील बाळाच्या मेंदू व मज्जारज्जूच्या रचनेतील दोष टाळण्यासाठी ते अत्यावश्यक आहे. प्रश्न त्याच्या जोडीला बी-१२ आहे की नाही, एवढाच. सरकारी योजनेतील लोह व फॉलिक अ‍ॅसिडच्या नेहमीच्या गोळीत बी-१२ नसते. म्हणून शाकाहारी गर्भवतीने आपल्या डॉक्टरांना हा प्रश्न आपणहून विचारावा.

बाळाचा विषय निघाला, तेव्हा १९६२ साल विसरता येणार नाही. त्या वर्षी वेल्लोरच्याच डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात काही भारतीय अर्भकांची हकीकत मांडली. आईच्या दुधावरच वाढणारी ही बाळे सुरुवातीचे काही महिने ठीक होती. नंतर ती मलूल झाली, हसेनाशी झाली, मान धरेनाशी झाली, हातापायांची त्वचा काळवंडली. मातांच्या दुधातच बी-१२ अत्यल्प होते. ते बाळांना दिल्यावर त्यांच्यात झपाट्याने सुधारणा झाली. आईच्या शरीरात साठा नसेल, तर ती बाळाला देणार कोठून? स्वतः आईला मात्र थोड्या थकव्यापलीकडे फारसे काही जाणवलेले नसते. ‘मला काही त्रास नाही, मग तपासणी कशाला’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक तरुण गृहिणीसाठी हे उदाहरण आहे.

आता पुण्याकडे वळू या. केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर केलेले काम जगभर अभ्यासले जाते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका पाहणीत पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुष होते. काही खेड्यांतील, काही झोपडपट्टीतील, काही शहरी मध्यमवर्गीय. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत बी-१२ चे प्रमाण कमी आढळले आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के! ज्यांच्या घरी फ्रिज आहे, दूधवाला रोज येतो, त्यांचीच स्थिती अधिक वाईट. शाकाहारी व्यक्तींत ही उणीव असण्याचा संभव कितीतरी अधिक होता, परंतु मांसाहारी म्हणवणारेही त्यातून सुटले नव्हते. आपल्याकडे मांसाहारी कुटुंबांतही तो आहार बहुधा सणावारी किंवा आठवड्यातून एखाद्या वेळीच असतो, हे त्याचे एक कारण असावे.

असा आकडा वृत्तपत्रात आला, की घबराट होते. येथे डॉक्टरांचे खरे काम सुरू होते. ‘प्रमाण कमी’ याचा अर्थ ‘रोग झाला’ असा नाही. प्रयोगशाळेने आखलेल्या रेषेखाली आकडा गेला, एवढाच त्याचा अर्थ. त्या ४४१ पैकी बहुतेक पुरुष आपापल्या कामावर जात होते. रेषेखालील कोणाला पुढे त्रास होईल, हे केवळ त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. म्हणून गरज पडल्यास होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड यांची तपासणी करून पेशींना बी-१२ खरोखर अपुरे पडते आहे काय, हे पाहतात. पॅथॉलॉजी लॅबच्या कागदावर ठळक अक्षरात छापलेला आकडा पाहून मध्यरात्री घाम फुटण्याचे कारण नाही. तो कागद फेकून देण्याचेही नाही.

याच संशोधकांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील गर्भवती स्त्रियांचा व पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास हाती घेतला. दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होते. फॉलिक अ‍ॅसिडचा अभाव मात्र जवळजवळ नव्हता. ज्या मातांमध्ये बी-१२ कमी व फॉलिक अ‍ॅसिड जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती, म्हणजे पुढील मधुमेहाची पूर्वसूचना, सर्वांत अधिक दिसली. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. भारतीय माणूस बारीक दिसूनही मधुमेही का होतो, या कोड्याशी हे काम जोडलेले आहे. ते कोडे लोकांना समजावे म्हणून डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. शंभर तक्त्यांनी जे सांगता आले नसते, ते एका छायाचित्राने सांगितले. संशोधन लोकांपर्यंत न्यावयाचे तर ते असे न्यावे.

तरीही सहा गावांच्या अभ्यासातून ‘आईला बी-१२ दिले की मुलाचा मधुमेह टळतो’ असे सिद्ध झाले काय? नाही. दोन गोष्टी एकत्र आढळल्या, म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे ठरत नाही. ते ठरविण्यासाठी प्रयोग करावा लागतो. म्हणूनच पुढे त्याच गावांतील किशोरवयीन मुला-मुलींपैकी काहींना रोज केवळ २ मायक्रोग्रॅम बी-१२ व तुलनेसाठी इतरांना ते नसलेली गोळी देऊन, पुढे त्यांच्या अपत्यांचे निरीक्षण करण्याचा प्रयोग आखण्यात आला. अशा कामाला एक पिढी लागते. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशाला एक मिनिट लागते, हा फरक ध्यानी ठेवलेला बरा.

प्रयोग आशेवर पाणी कसे फिरवतात, याचे उदाहरणही याच विषयात आहे. रक्तात होमोसिस्टीन अधिक असणाऱ्यांना हृदयविकार अधिक होतो, असे आढळले होते. बी-१२ व फॉलिक अ‍ॅसिड दिल्याने होमोसिस्टीन उतरते, हेही खरे होते. मग या गोळ्यांनी हृदयविकार टळणारच, असे अनेकांनी गृहीत धरले. २००६ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. एकीत साडेपाच हजारांहून अधिक व दुसरीत सुमारे पावणेचार हजार रुग्ण होते. होमोसिस्टीन उतरले, परंतु हृदयविकाराचे झटके व त्यामुळे होणारे मृत्यू काही कमी झाले नाहीत. तेव्हा हृदयाचे औषध म्हणून बी-१२ कोणी विकत असेल, तर त्याला नम्रपणे नमस्कार करावा. हे जीवनसत्त्व रक्त व मज्जातंतूंसाठी घ्यावयाचे आहे आणि तेवढे कारण पुरेसे आहे.

शाकाहारी श्रोत्यांना आणखी एका बातमीने २०१९ साली अस्वस्थ केले. ब्रिटनमधील ४८,००० हून अधिक लोकांचा अठरा वर्षे पाठपुरावा करून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सांगितले, की शाकाहारी लोकांत हृदयविकार २२ टक्क्यांनी कमी, परंतु पक्षाघात २० टक्क्यांनी अधिक. काहींनी पहिले वाक्य कापून ठेवले, काहींनी दुसरे. टक्केवारीत दोन्ही पारडी जवळजवळ समान भासतात. संशोधकांनी मात्र साध्या संख्याही दिल्या होत्या : दहा वर्षांत दर हजार शाकाहारी माणसांमागे हृदयविकाराचे रुग्ण १० ने कमी आणि पक्षाघाताचे ३ ने अधिक. चित्र लगेच बदलते. पक्षाघात अधिक का, याच्या संभाव्य कारणांत संशोधकांनी बी-१२ च्या कमतरतेचाही उल्लेख केला आहे. ते सिद्ध झालेले नाही. वृत्तपत्रात टक्के दिसले, की ‘हजारात किती?’ एवढे विचारण्याची सवय श्रोत्यांनी लावून घ्यावी आणि डॉक्टरांनी त्याचे उत्तर देण्याची.

आता शेवटी सभागृहात चिठ्ठीवर लिहून येणारे प्रश्न. इंजेक्शन की गोळी? लक्षणे तीव्र असतील, मज्जातंतूंना इजा असेल, तर प्रारंभी इंजेक्शन योग्य. एरवी मोठ्या मात्रेची रोजची गोळीही बहुतेकांना तितकीच उपयोगी पडते, हे चाचण्यांतून दिसले आहे. स्पिरुलिना? त्यातील द्रव्य बी-१२ सारखे दिसते, परंतु मानवी शरीराला त्याचा उपयोग होत नाही. आंबवलेल्या पदार्थांवरही भिस्त ठेवू नये. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी मात्र सावध असावे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हे औषध सुमारे चार वर्षे घेणाऱ्यांचे बी-१२ सरासरी १९ टक्क्यांनी उतरले होते. म्हणून औषध बंद करू नये, तपासणी करून घ्यावी. आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनाही हेच लागू.

आयंबिलाच्या ओळीत नऊ दिवस दूध-दही वर्ज्य असते, त्याने बी-१२ घटते काय, असेही विचारले जाते. यकृतात साठा पुरेसा असेल तर तो काही वर्षे पुरतो. नऊ दिवसांनी काही बिघडत नाही. साठा मुळातच रिकामा असेल, तर दोष त्या नऊ दिवसांचा नव्हे. अलीकडे अहिंसेच्या विचाराने काही तरुण-तरुणींनी दूधही सोडले आहे. त्यांच्या निश्चयाचा आदर ठेवूनच सांगितले पाहिजे, की त्यांच्या आहारात बी-१२ चा एकही नैसर्गिक मार्ग उरत नाही; त्यांना गोळी किंवा बी-१२ मिसळलेले अन्न नित्य घ्यावेच लागेल, विशेषतः विवाहित तरुणींना.

आणि गोळी शाकाहारी आहे काय? कारखान्यात बी-१२ जीवाणूंच्या वाढीतून तयार केले जाते, प्राण्यांपासून काढले जात नाही. ज्यांना एवढेही विचाराधीन वाटते, त्यांच्यापासून ही माहिती लपवून ठेवू नये. परंतु मऊ किंवा पारदर्शक कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडे-कातड्यापासून केलेले असते. औषधाच्या वेष्टनावर अन्नपदार्थांप्रमाणे हिरवा ठिपका असेलच असे नाही. म्हणून चिठ्ठी लिहून घेतानाच ‘कॅप्सूल नको, साधी गोळी लिहून द्या’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि औषधाच्या दुकानात पाकीट उघडण्यापूर्वी पुन्हा विचारावे.